विश्लेषण : घराबाहेर पडणेच कठीण, मग व्यायाम करायचा कसा?

'रोज अर्धा तास चाला' हा सल्ला देणे सोपे आहे. पण गुडघे साथ देत नाहीत, पक्षाघाताने एक बाजू कमजोर झाली आहे किंवा व्हीलचेअरवर वावरावे लागते, अशांनी तो पाळायचा कसा?

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत लिफ्ट नसलेल्या जुन्या चार मजली इमारती आजही आहेत. अशा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आजींचे गुडघे दुखू लागले की आधी बाजार सुटतो, मग देऊळ, मग जिना उतरणेच. डॉक्टरांच्या कागदावर मात्र 'रोज चालणे' लिहिलेले असते. अंधेरीत तळमजल्यावर राहणारा व्हीलचेअरवरचा तरुण दारापर्यंत येतो, पण पदपथाच्या कडेशी अडतो. दोघांनाही वर ऐकावे लागते, 'तुम्ही हालचालच करत नाही!'

बसून राहिल्याने काय बिघडते?

स्नायू झपाट्याने कमी होतात. 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात २००७ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो स्नायू घटला. म्हणजे दुखते म्हणून बसायचे आणि बसल्यामुळे पाय आणखी कमजोर व्हायचे, हे चक्र काही दिवसांतच सुरू होते. गुडघ्याचा भार पेलणारा मांडीचा स्नायू सैलावला की सांध्यावरचा ताण वाढतो. 'वयच झाले' असे म्हणून घरचेच जेव्हा पाण्याचा तांब्याही हातात आणून देतात, तेव्हा माया असते. पण होते नुकसानच.

खुर्चीत बसून केलेला व्यायाम खरा व्यायाम आहे का?

होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी प्रथमच स्वतंत्र शिफारशी दिल्या. प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम, हे लक्ष्य त्यांनाही लागू आहे. चालण्याची अट त्यात नाही. तेवढे जमत नसेल तर थोडेही चालेल, असे तीच संघटना सांगते.

त्यासाठी चाके नसलेली, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. बसल्या जागी एकेक गुडघा उचलणे, पाय समोर सरळ करून पाच आकडे मोजेपर्यंत धरणे, टाचा उचलणे, हात डोक्यावर नेणे इथून सुरुवात होते. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हे एक किलोचे वजन झाले; जड वाटल्यास अर्धी भरावी. सर्वांत मोलाचा व्यायाम म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे. शौचालयात स्वतः जाता येणे याच ताकदीवर अवलंबून असते. सलग अर्धा तास नको, दिवसातून तीनदा दहा मिनिटे पुरेत. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला की श्रम मध्यम झाले असे समजावे. छातीत दुखले, चक्कर आली तर लगेच थांबावे.

मज्जारज्जूला इजा झालेल्यांनी फिजिओथेरपिस्टला विचारूनच आखणी करावी. चाके ढकलून त्यांचे खांदे आधीच थकलेले असतात आणि एकाच जागी बसून त्वचेला जखमा होण्याचा धोका असतो. पक्षाघातानंतर तोल जाण्याची भीती असेल तर शेजारी कुणी तरी हवे.

मग बाहेर जाण्याची गरजच काय?

इथेच गफलत होते. खुर्चीवरचा व्यायाम हा उद्यानाला पर्याय मानला की महापालिका आणि सोसायटी दोघेही सुटतात. ऊन, माणसे, गप्पा हे घरात मिळत नाही. पाण्याचा फायदाही मोठा आहे. कंबरभर पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा होतो. १९६५च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर पोहण्याकडे वळले आणि १९७२च्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकले. अंधेरी आणि मुलुंडच्या क्रीडा संकुलांत तरणतलाव आहेत. पदक कुणी मागत नाही, पाण्यापर्यंत पोहोचता येते का एवढाच प्रश्न आहे.

वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ मध्ये लिफ्टसह सुरू झाली, त्यामुळे हे काम अशक्य नाही हे उपनगरांनी पाहिले आहे. मात्र दुचाकी शिरू नये म्हणून उद्यानाच्या दारात लावलेले खांब व्हीलचेअरही अडवतात. खुल्या व्यायामशाळेतील बहुतेक यंत्रांवर चढूनच बसावे लागते.

कायदा काय सांगतो?

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मनोरंजनाच्या जागांसह विद्यमान सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम व्हायला हव्या होत्या. नियम २०१७चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक हवेत, नुसती शिफारस पुरेशी नाही, असे बजावले.

सोसायटीत लिफ्टचा विषय निघाला की तळमजल्यावरचे आणि पहिल्या मजल्यावरचे सभासद खर्चाला हरकत घेतात, आणि वर्षे जातात. ते भांडण चालू राहिले तरी प्रवेशद्वाराची पायरी त्यासाठी थांबायला नको. रॅम्पचे प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फूट उतार. तेवढी जागा आज बहुतेक आवारांत एका मोटारीने व्यापलेली असते.