पेला आणि ताट



दहावीचे जादा तास सकाळी साडेसात वाजता सुरू होतात. सीमेपलीकडच्या वाड्या-वस्त्यांवरून येणारी मुले सहाला घर सोडतात. त्यातली बरीचशी नुसता चहा पिऊन येतात आणि नऊ वाजता डोके बाकावर टेकवतात. यावर उपाय म्हणून आपल्यासमोर एक सूचना आली आहे. बाजारात मिळणाऱ्या पौष्टिक पावडरीचे डबे संस्थेने घ्यावेत आणि प्रत्येक मुलाला सकाळी एक पेला द्यावा. स्वयंपाकाचा व्याप नको, गॅस नको, भांडी घासणे नको. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे, म्हणून तिचा विचारही मनापासून व्हायला हवा. काही पालक तर घरीसुद्धा जेवणाऐवजी असा पेला देऊ लागले आहेत असे मुलांकडून कळते. त्यामुळे हा प्रश्न केवळ जादा तासांपुरता राहिलेला नाही.

मत देण्यापूर्वी आपण स्वतः काही करून पाहावे असे मला वाटले. डॉक्टरांकडून रक्तदाब आणि साखर तपासून घेतली आणि गेल्या हिवाळ्यात सात दिवस मी जेवण बंद ठेवून घरी दळलेल्या पिठावर राहिलो. त्या सात दिवसांचा हिशेब आणि त्यावरून बनलेले मत येथे मांडत आहे.

पिठाची कृती माझी नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक मिश्रण तयार केले होते, ते 'हैदराबाद मिक्स' या नावाने ओळखले जाते. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला सुरू झाली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आली. आपला भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा नाव तरी परके नाही. मिश्रण अगदी सोपे आहे : भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. एकूण ८६ ग्रॅम. यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. गहू आणि डाळ एकत्र आले की एकात जे प्रथिन कमी असते ते दुसरे भरून काढते. वरण-भात आणि पिठलं-भाकरी यांमागे हेच शास्त्र आहे.

मी हिंदी माध्यमातून पदवी घेतली. तेव्हा वसतिगृहात बिहारकडची मुले होती. परीक्षेच्या दिवसांत ती सत्तू पाण्यात कालवून, मीठ, कांदा आणि लिंबू घालून पीत आणि पुस्तक उघडीत. आपल्याकडेही सातूचे पीठ आहे, आणि पिण्याचे जेवण म्हणावे अशी आंबील तर प्रत्येक घरात आहे. म्हणजे पिठाच्या पेल्यावर वेळ मारून नेणे हा काही अमेरिकेचा शोध नव्हे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या बाजूला खडी फोडण्याच्या कामावर सुकडी वाटली जात असे. ती खाल्लेली माणसे आजही आपल्या गावांत आहेत. त्यांना विचारा. सुकडीने जीव वाचवला असे ती कृतज्ञतेने सांगतील, पण सुकडी रोज खावी असे एकही जण म्हणणार नाही.

आता हिशेब. माझ्यासारख्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला साधारण २१०० कॅलरी लागतात. ८६ ग्रॅमचे सहा वाटे घेतले तर १९८० कॅलरी आणि ६८ ग्रॅम प्रथिने होतात. वर एक पेला दूध घेतले की कागदावर सर्व ठीक. म्हणून दिवसातून तीन वेळा दोन-दोन वाटे कोमट पाण्यात कालवून घेतले. खर्च चाळीस रुपयांच्या आत आला. पैशाच्या बाजूने पाहिले तर या पिठाशी बाजारातला कोणताही डबा स्पर्धा करू शकणार नाही.

पहिले दोन दिवस पोटात वायू धरला, नंतर पोट सरावले. तिसऱ्या दिवसापासून गोडाचा कंटाळा आला. सहा वाट्यांत १२० ग्रॅम गूळ असतो. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी असे सुचवते. गूळ आपल्याला कितीही सात्त्विक वाटला तरी शरीराच्या दृष्टीने तो बहुतेक साखरच. कुपोषित बालकाला एक-दोन वाटे देताना तो गूळ योग्य असतो, प्रौढाने दिवसभर तेच खाणे वेगळे. मी गूळ निम्मा केला, शेंगदाणे वाढवले आणि दुपारचा पेला ताक-मीठ-जिऱ्याचा केला. शिवाय रोज एक लिंबू ठेवले, कारण या पिठात क जीवनसत्त्व जवळजवळ नाही. अ जीवनसत्त्व नगण्य आहे, ब-१२ अजिबात नाही. सात दिवसांत त्याने काही बिघडत नाही. शरीराजवळ साठा असतो. पण सात महिन्यांत बिघडते, आणि ते बिघडलेले लगेच दिसत नाही.

भुकेचा अनुभव लिहिण्यासारखा आहे. कॅलरी तितक्याच, तरी सकाळी आठला घेतलेला पेला साडेदहाला संपल्यासारखा वाटे. भाकरी चावावी लागते, चावताना वेळ जातो, लाळ सुटते, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला सवड मिळते. पेला तीन मिनिटांत रिकामा होतो. चौथ्या दिवशी मला पेल्याची नव्हे तर हिरव्या मिरचीची आणि शेंगाच्या चटणीची आठवण येत होती. वजन सात दिवसांत एक किलोने कमी भरले. त्यात पाणी किती आणि दुसरे काय किती हे इतक्या थोड्या दिवसांत सांगता येत नाही, म्हणून त्यावरून कोणी काही शिकू नये.

पाचव्या दिवशी नात्यात एक बारसे होते. पंगतीत मी पेला घेऊन बसलो. वाढणारी मुलगी तीनदा येऊन विचारून गेली, "काका, उपास आहे का?" शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी आजारपणाची चौकशी केली. यजमानीण बाई तर हिरमुसल्याच. त्या दिवशी माझ्या शरीराला सर्व अन्नघटक मिळाले होते, पण मी कोणाबरोबर जेवलो नव्हतो.

असे प्रयोग करणारा मी पहिला नव्हे. गांधीजींनी १८९३ साली प्रिटोरियात न शिजवलेल्या, भिजवलेल्या धान्यावर राहून पाहिले. अशक्तपणा आला, तेव्हा दोन आठवड्यांच्या आतच त्यांनी तो प्रयोग थांबवला आणि इंग्लंडच्या 'द व्हेजिटेरियन' पत्रात त्याची हकीकत प्रसिद्ध केली. १९२९ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर त्यांनी पुन्हा तो मार्ग धरला. मोड आलेले गहू, बदामाची चटणी, पालेभाजी सर्व तोळ्यांत मोजून. याही वेळी पोट बिघडले आणि ते थांबले. आपल्या फसलेल्या प्रयोगाची नोंदही त्यांनी लोकांपुढे ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते. अलीकडे २०१३ मध्ये अमेरिकेतील रॉब ऱ्हाइनहार्ट या तरुणाने तीस दिवस स्वतः कालवलेल्या पेयावर काढले आणि पुढे 'सोयलेंट' नावाने ते विकायला काढले. सुरुवातीला त्याच्या मिश्रणात लोहच घालायचे राहिले होते, आणि छातीत धडधडू लागल्यावर ते त्याच्या ध्यानात आले. शिकलेला, मोजून-मापून करणारा माणूस, तरी यादीतले एक नाव सुटले. रोजच्या ताटात अशी यादी करावी लागत नाही. भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, चटणी, ताक आणि कांदा यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या आपोआप केलेली आहे.

आता मुलांकडे येऊ, कारण खरा प्रश्न त्यांचा आहे. पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला २८६० आणि मुलीला २४०० कॅलरी लागतात. म्हणजे वाढत्या वयाच्या मुलाची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. नुसत्या पिठावर ती भागवायची तर दिवसाला पाऊण किलोच्या आसपास पीठ प्यावे लागेल. उलट डब्यावर लिहिलेले माप साधारण दोन-तीन चमचे, म्हणजे ३० ग्रॅमच्या आसपास असते. माझ्या पिठाचे ३० ग्रॅम घेतले तर ११५ कॅलरी होतात, म्हणजे त्या मुलाच्या दिवसाच्या गरजेचा पंचविसावा भाग. सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेच्या दुपारच्या जेवणातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे सरकारी प्रमाण आहे. पालकांनी हे आकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. पेला वाईट नाही, पण पेल्याला जेवण म्हणणे चुकीचे आहे.

मुलींच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. वजन वाढेल या भीतीने जेवण टाळून पेला पिणारी मुलगी या संख्येत भर घालते. विद्यार्थिनींनो, माझा प्रयोग वाचून कोणी घरी तो करू नये. मी पन्नाशी ओलांडलेला, उंची वाढणे संपलेला माणूस आहे. तुमचे हाड, रक्त आणि उंची आत्ता घडते आहे.

ताटाऐवजी पाकीट, हा वाद देशात याआधीही होऊन गेला आहे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांत शिजवलेले अन्न द्यावे असा आदेश दिला. २००२ मध्ये कर्नाटकाने अक्षर दासोह योजना आपल्या मागास समजल्या जाणाऱ्या या जिल्ह्यांपासूनच सुरू केली. काही वर्षांनी बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने गरम जेवणाऐवजी बिस्किटे द्यावीत असा आग्रह धरला. सोय, स्वच्छता, वेळेची बचत, कारणे आजच्यासारखीच होती. तो मान्य झाला नाही, हे बरे झाले. २०१३ पासून दूध आले, २०२१ च्या डिसेंबरपासून कलबुर्गी, बीदर आदी जिल्ह्यांत अंडी किंवा केळी आली. म्हणजे ताटात भर पडली, ताट काढून घेतले गेले नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना मुलांच्या घरी कोरडा शिधा पोचला. धान्य तेच होते, पण वेगवेगळ्या जातींची, मराठी-कन्नड-उर्दू बोलणारी मुले एका रांगेत बसून जेवतात ते त्या पिशवीत मावणारे नव्हते. आपण सीमेवरचे लोक आहोत. वेळा अमावस्येला शेतात भज्जी-आंबील करतो तेव्हा वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतो, त्याची भाषा विचारत नाही. मुलांना ही शिकवण पाठ्यपुस्तकापेक्षा पंगतीतून अधिक मिळते.

मग सकाळच्या भुकेचे काय? विश्वस्तांची अडचण खरी आहे. साडेसातला स्वयंपाकीण येऊ शकत नाही आणि गॅसचा खर्चही आहे. म्हणून माझे निवेदन असे :

पहिले, डबे विकत घेऊ नयेत. त्याऐवजी हैदराबाद मिक्सचे लाडू गावातील महिला बचत गटाकडून करून घ्यावेत. ८६ ग्रॅमचे दोन लाडू करून एका मुलाला दिले तर ३३० कॅलरी मिळतात आणि साहित्याचा खर्च सहा-सात रुपयांच्या आसपास येतो. त्यासोबत हंगामानुसार पेरू किंवा लिंबाचे सरबत द्यावे. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्यातले लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा मात्र त्यावर लगेच नको.

दुसरे, हे लाडू न्याहारीची जोड म्हणून द्यावेत, जेवणाच्या बदली नव्हे. दुपारचे शिजवलेले जेवण आहे तसेच चालावे.

तिसरे, ज्या मुलांना शेंगदाण्याचा त्रास होतो किंवा साखरेचा आजार आहे त्यांची नावे पालकांनी वर्गशिक्षकांकडे आधी द्यावीत.

आणि पालकांना एक विनंती. रात्रीची भाकरी उरते. सकाळी तिच्यावर शेंगाची चटणी आणि थोडे तेल घालून गुंडाळी करून मुलाच्या हातात द्यायला दोन मिनिटे लागतात. एवढे केलेत तर माझी निम्मी चिंता मिटेल.

आठव्या दिवशी मी घरी ज्वारीची भाकरी आणि तुरीचे वरण जेवलो आणि उरलेल्या पिठाचे लाडू केले. ते शिक्षकांच्या खोलीत आणून ठेवले, तासाभरात डबा रिकामा झाला. पीठ चांगलेच आहे, ते जेवणाची जागा घेऊ शकत नाही एवढेच. हा विषय विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत निर्णयासाठी यावा आणि पालकांनीही आपले मत लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

— मुख्याध्यापक