विश्लेषण : युद्धातली जीप जपता येते, मग तिला लष्करी हिरवा रंग का देता येत नाही?

लष्कराने काढून टाकलेली जीप, जोंगा किंवा ट्रक लिलावातून वा भंगारातून घ्यायचा, त्याचा नटबोल्ट न् नटबोल्ट सुटा करून गाडी पुन्हा उभी करायची आणि सुटीच्या दिवशी ती चालवायची, हा छंद जगभर आहे आणि महाराष्ट्रातही आहे. या छंदाला आपल्याकडे कायद्याची चौकट आहे, पण तिच्यात काही फटी आहेत. शिवाय चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात आणखी एक प्रश्न उभा राहतो. लष्करी दिसणारी गाडी तिथे इतिहासातली नसते, वर्तमानातली असते. म्हणूनच हा छंद तिथे कसा करावा, हे समजून घ्यायला हवे.

युद्धातली अस्सल जीप ओळखायची कशी?

जीपचा पहिला नमुना १९४० मध्ये अमेरिकेतील बँटम कंपनीने तयार केला. मात्र १९४१ ते १९४५ या काळात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. विलीजची ‘एमबी’ आणि फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’ ही तिची दोन नावे. इंजिन चार सिलिंडरचे, २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे. बर्माच्या आघाडीमुळे या जीप भारतातही मोठ्या संख्येने आल्या आणि युद्ध संपल्यावर उरलेल्या सामानासोबत विकल्या गेल्या.

बाजारात ‘युद्धातली’ म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक जीप युद्धातली नसते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईत विलीजच्या जीप जोडायला सुरुवात केली. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक जुन्या जीप या घराण्यातल्या, म्हणजे नागरी वापराच्या आहेत. फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. युद्धातल्या जीपच्या पुढच्या पत्री जाळीला नऊ उभ्या फटी असतात, विलीजच्या नागरी जीपला सात. युद्धातल्या जीपचे स्टिअरिंग डावीकडे असते. मागे उघडणारे फळकूट नसते. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. दिवे बिजागरीवर असतात आणि उलटे फिरवले की रात्री इंजिनावर उजेड पाडतात.

फोर्डने आपल्या अनेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटवले होते. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर ती विलीजची, उलट्या ‘यू’च्या आकाराचा असेल तर फोर्डची. बॉनेट उंच असेल तर ती नंतरची ‘सीजे-३बी’ समजावी. तिचे इंजिनच उंच होते.

जोंगा आणि शक्तिमान कुठून आल्या?

१९६५ आणि १९७१च्या युद्धांच्या काळातील भारतीय लष्कराच्या वाहनांची ओळख म्हणजे जबलपूरचे कारखाने. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनलेला ‘शक्तिमान’ ट्रक आणि जपानी निस्सान पेट्रोलवर बेतलेली जोंगा या दोन्ही गाड्या तिथल्याच. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाच्या आद्याक्षरांतून ‘जोंगा’ हा शब्द तयार झाला. तिचे इंजिन सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे, पेट्रोलवर चालणारे. गाडी दणकट, पण खाण्यापिण्याला भारी. महेंद्रसिंह धोनी २०१९ मध्ये रांचीत जोंगा चालवताना दिसले आणि तोवर जाणकारांपुरते असलेले हे नाव घरोघरी पोहोचले.

लष्कराची गाडी खासगी हातात कशी येते?

लष्करात असताना गाडीची नोंदणी आरटीओकडे नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० नुसार ती संरक्षण खात्याच्या यंत्रणेकडे असते. गाडी सेवेतून बाद ठरली की तिचा लिलाव होतो. खरेदीदाराला नागरी नोंदणी नव्याने करावी लागते. माजी लष्करी वाहनासाठी संबंधित लष्करी प्राधिकरणाचे मूळ विक्री प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २१, जोडण्याची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे.

या छंदात खरी अडचण गंजाची नसून कागदांची असते. गंजलेला पत्रा बदलता येतो, हरवलेले विक्री प्रमाणपत्र बदलून मिळत नाही. चार हात फिरलेल्या गाडीचा चासी क्रमांक घासला गेला असेल किंवा कागदावरच्या क्रमांकाशी जुळत नसेल, तर ती गाडी अंगणात ठेवण्यापुरतीच उरते. म्हणून आधी कागद पाहावेत आणि मग गाडी.

दुसरा अडथळा बदललेल्या इंजिनाचा. पेट्रोल परवडेना म्हणून अनेक जुन्या जीपमध्ये मालकांनी डिझेल इंजिन बसवले. उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. बदल नोंदणी प्रमाणपत्रावर चढलेला आहे का, हे खरेदीआधीच तपासणे शहाणपणाचे.

विंटेज नोंदणीचा फायदा काय?

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे चंद्रपूरच्या ‘एमएच ३४’ किंवा गडचिरोलीच्या ‘एमएच ३३’ऐवजी ‘एमएच व्हीए’.

या नोंदणीवर गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापराला मनाई आहे. पर्यटकांना जुन्या जीपमधून जंगल दाखवण्याचा बेत कोणी आखत असेल, तर तो या नोंदणीवर जमणार नाही.

मग हिरव्या रंगाला मनाई का?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ सांगतो की, संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. छंद करणाऱ्यांना हा नियम सर्वाधिक सलतो. एकीकडे ‘मूळ स्वरूप जपा’ असे विंटेजचा नियम सांगतो, दुसरीकडे त्या मूळ स्वरूपाचा रंगच निषिद्ध आहे. ब्रिटन-फ्रान्समध्ये जून महिन्यात नॉर्मंडीच्या स्मृतिदिनाला शेकडो जीप युद्धातल्या रंगात, युद्धातल्या क्रमांकांसह धावतात. आपल्याकडे मात्र तसे करता येत नाही.

तरीही नियमामागचे कारण सरळ आहे. लष्कराच्या गाडीला रस्त्यावर वाट मिळते, नाक्यावर तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. त्या विश्वासाचा गैरवापर होऊ नये, हा हेतू. अमेरिकी जीपचा मूळ रंग थोडा तपकिरीकडे झुकणारा होता, हा युक्तिवाद नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाला संध्याकाळच्या उजेडात ऐकवण्यात अर्थ नाही. लष्करी पद्धतीची बाणाची खूण असलेली क्रमांकपाटी, तुकडीची चिन्हे, नकली बंदूक यांनाही रस्त्यावर जागा नाही.

गडचिरोलीत हा प्रश्न वेगळा का?

१ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेडा येथे नक्षलवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट घडवला. त्यात १५ पोलीस आणि खासगी वाहनाचा चालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. या जिल्ह्यात पोलिसांनी वाहन टाळून मैलोन् मैल पायी गस्त घातली, ती याच धोक्यामुळे. हिरवा गणवेश इथे सुरक्षा दलांनीही घातला आणि नक्षलवाद्यांनीही. गाडी कोणाची, आत कोण, ती कशासाठी आली, हे रंगावरून ओळखण्याची सवय गावकऱ्यांना लागली ती हौसेने नव्हे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरणागती पत्करली. परिस्थिती बदलते आहे, रस्ते होत आहेत, बाहेरचे लोक येऊ लागले आहेत. पण गावाच्या मनातली भीती शरणागतीच्या तारखेला संपत नाही. एटापल्ली किंवा भामरागडच्या वाटेवर लष्करी रंगाच्या जीपची रांग नुसत्या मौजेसाठी नेणे कायद्याने चूक आहेच. ते असंवेदनशीलही आहे.

जंगल म्हणजे मोकळे मैदान नव्हे, हेही लक्षात ठेवावे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प, चपराळा आणि भामरागड अभयारण्यांत वन विभागाच्या परवानगीशिवाय वाहन नेता येत नाही. राखीव वनात वाट सोडून गाडी घालणे हा गुन्हा ठरू शकतो. शिवाय मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि त्यानंतर जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा आपल्या जंगलाच्या हक्कदार झाल्या आहेत. त्यांना न विचारता त्यांच्या जंगलात जाणे म्हणजे दुसऱ्याच्या आवारात शिरणेच.

मग इथे या छंदाला जागा आहे का?

आहे, आणि ती महत्त्वाची आहे. फक्त काय जपायचे, हे नीट ठरवायला हवे. जीपने युद्धात घालवली ती चार-पाच वर्षे. आपल्या गावांत तिने काढली कित्येक दशके. १९५२ नंतरची सामूहिक विकास योजना, १९५३ पासूनची हिवतापविरोधी मोहीम, वन विभागाची गस्त, मतपेट्यांची ने-आण, लसीची पेटी, बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवणे, हे सारे जीपने केले. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा मुलखात चारही चाकांना जोर देणारी गाडी ही हौस नव्हती, गरज होती.

हा इतिहास जपणारी गाडी हिरवी असण्याची गरजच नाही. सरकारी खात्याच्या राखाडी किंवा पांढऱ्या रंगातली, दारावर खात्याचे जुने नाव प्रदर्शनापुरते लावलेली जीप या जिल्ह्यांची खरी गोष्ट सांगेल. आणि युद्धाचीच आठवण हवी असेल, तर उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जीप वाळूच्या रंगातही धावली. त्या आघाडीवर चौथी भारतीय डिव्हिजन लढली होती. तो रंग इतिहासाला धरून आहे आणि नियम १२१ च्या बाहेर आहे.

सरकारने काय करावे?

पहिली गोष्ट, सरकारी गाड्यांची. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण बंद झाले असून ती मोडीत काढायची आहेत. विंटेजचा दर्जा मात्र ५० वर्षांनंतर मिळतो. मधल्या ३५ वर्षांत सरकारी जीप टिकायची कशी? प्रत्येक खात्याने जिल्ह्यातली निदान एक जुनी गाडी, चालवण्यासाठी नव्हे तर संग्रहासाठी, बाजूला काढण्याची तरतूद व्हायला हवी. अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून लष्करी वाहनांचा इतिहास सांभाळते. भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, पुलगावचे दारूगोळा भांडार, कामठीचे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र एवढे सारे जवळ असताना विदर्भातही असा एखादा कोपरा उभा राहू शकतो.

दुसरी गोष्ट, रंगाची. नियम १२१ सैल करू नये, स्पष्ट करावा. विंटेज नोंदणी असलेल्या माजी लष्करी वाहनाला मूळ रंग बंदिस्त प्रदर्शनात चालेल, तिथे ते ट्रेलरवर झाकून न्यावे, स्थानिक पोलिसांना आधी कळवावे, एवढे लिहून दिले तर प्रामाणिक छंदवाल्याची भीती जाईल आणि बनवाबनवी करणाऱ्याला आडोसा उरणार नाही.

तिसरी गोष्ट, हातांची. कोळसा खाणी, वीज केंद्र आणि बल्लारपूरच्या कागद गिरणीमुळे चंद्रपूर पट्ट्यात लेथवर हवा तो भाग घडवून देणारे टर्नर, फिटर आणि वेल्डर तयार झाले. कार्ब्युरेटर खोलून कानाने इंजिन जुळवणारे मिस्त्री आता म्हातारे होत आहेत. नव्या पोरांच्या हातात स्कॅनर आहे. आयटीआयच्या कार्यशाळेत एक जुनी जीप दिली आणि एका वर्षाच्या मुलांना ती चालू करायला सांगितले, तर गाडीही वाचेल आणि विद्याही. या दोन्हींत अधिक घाई विद्येची आहे. गाडी छपराखाली वाट पाहू शकते, मिस्त्री पाहू शकत नाही.