पोस्टवरून गुन्हा दाखल झाला, तर सातारा-सांगलीतून मदत कुठे मागायची?

सप्टेंबर २०२३ मध्ये सोशल मीडियावरच्या पोस्टवरून साताऱ्यातल्या पुसेसावळीत दंगल झाली. एकाचा जीव गेला, जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. अशा वातावरणात उद्या तुमच्याच स्टेटसवरून पोलीस ठाण्यातून फोन आला तर? 'एखाद्या नागरी हक्क संघटनेला मेल टाकू' हे उत्तर चूक नाही, पण ती पहिली पायरी नव्हे.

अटक झाल्यावर २४ तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं. तेवढ्या वेळात मुंबई-दिल्लीची संघटना पोचणार कशी? तिथे स्थानिक वकीलच लागतो. नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, हेल्पलाइन १५१००. महिला, १८ वर्षांखालची मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

मग संघटना कशासाठी? ज्या केसच्या निकालाचा फायदा हजारोंना होईल, अशा केस त्या सहसा हातात घेतात. २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली. ते ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं; याचिकाकर्त्यांत जयप्रकाश नारायण यांनी सुरू केलेली पीयूसीएल होती. गंमत म्हणजे पोलीस तरीही हे कलम लावत राहिले! पीयूसीएल पुन्हा कोर्टात गेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अशा केस थांबवायचा आदेश आला. तुमच्या एफआयआरमध्ये ६६अ दिसलं, तर वकिलाला लगेच दाखवा.

एफआयआरच रद्द करून घ्यायचा, तर हायकोर्ट. हातकणंगल्यात एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून २०२२ मध्ये गुन्हा नोंदला गेला. मुंबई हायकोर्टाने दिलासा नाकारला. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने, सरकारच्या निर्णयावर टीका हा गुन्हा नाही म्हणत, तो रद्द केला. मुंबई, मग दिल्ली. सामान्य घरातल्या पोराला हे परवडेल? म्हणून १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच मला कुठल्याही हेल्पलाइनपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सातारा-सांगलीच्या याचिका आता तिथेच चालतात.

संघटनेला लिहिताना एफआयआरची प्रत, तारीख आणि लिंक दिसेल असा पोस्टचा पूर्ण स्क्रीनशॉट आणि घडलेलं तारीखवार, एका पानात पाठवा. घाबरून पोस्ट किंवा चॅट डिलीट करण्याआधी वकिलाला विचारा, नाहीतर पुरावा नष्ट केल्याचा आरोप वर यायचा. आणि फोनचा पासवर्ड मेलमध्ये कुणालाच लिहून पाठवू नका, मदत करणाऱ्यालासुद्धा.