बुबुळ बदललं, आता थेंब सोडू नका

उसाचं पातं लागतं, साळीचं कुसळ जातं, जखम चिघळते आणि डोळ्यात फूल पडतं. मग कुणाच्या तरी नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवलं जातं. पट्टी निघाली की घरचे विचारू लागतात, ‘आता दिसतंय ना?’ नीट दिसत नसतं. पेशंट हिरमुसतो, ऑपरेशन फुकट गेलं असं धरून चालतो आणि तपासणीला जाणंच सोडतो. कृपा करून असं करू नका.

पूर्ण जाडीचं बुबुळ केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी शिवतात. टाक्यांचा ताण सगळीकडून सारखा नसतो. त्यानं बुबुळाची गोलाई बिघडते आणि अक्षरं ओढल्यासारखी, दुहेरी दिसतात. नजर स्थिरावायला वर्ष-दीड वर्षही लागतं. दरम्यान डॉक्टर गरजेप्रमाणे टाके काढतात, चष्मा देतात, चष्म्यानं भागलं नाही तर कडक कॉन्टॅक्ट लेन्स देतात. फक्त आतला पातळ थर बदलला असेल, तर नजर बहुधा लवकर येते.

पण चांगलं दिसत असताना अचानक धूसर झालं, डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर ती गोष्ट वेगळी. शरीर परकं बुबुळ नाकारत असेल. ऑपरेशनला कितीही वर्षं झाली असली तरी हे होऊ शकतं. वेळेत गाठलं तर बरेचदा थेंबांची मात्रा वाढवून बुबुळ वाचतं. म्हणून बाजारच्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. डोळ्यात सारखं खुपत असेल तरी जा; टाका सैल झाला असेल, आणि सैल टाक्यातून जंतू शिरतात.

रोज सकाळी दुसरा डोळा झाकून, एकाच जागेवरून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचा. कालच्यापेक्षा अंधूक वाटली तर लगेच कळेल.

स्टिरॉइडचे थेंब मनानं बंद करू नका. तसंच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घालतही राहू नका. त्यानं डोळ्यातला दाब वाढू शकतो, काचबिंदू होऊ शकतो, आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. दाब मोजून घ्यायलाच हवा.

बुबुळाचा सांधा मूळच्याइतका मजबूत कधीच होत नाही. डोळा चोळू नका. लाकूड फोडताना, ऊस तोडताना संरक्षक चष्मा लावा, आणि लहान नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात तेव्हाही तो काढू नका.