कच्च्या आहाराचे पुस्तक घ्या, पण आधी पारखून

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून आपल्या वस्तीतली माणसे दीक्षाभूमीला जातात आणि परत येतात ती पुस्तकांच्या पिशव्या घेऊन. पोटाला चिमटा काढून पुस्तक घेणारा आपला समाज आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. अलीकडे या पिशव्यांतून आरोग्याची पुस्तकेही घरात येऊ लागली आहेत. रसाहार, मोड आलेली कडधान्ये, चुलीविना स्वयंपाक असे त्यांचे विषय. यात वाईट काही नाही. पण पुस्तक छापील आहे म्हणून ते खरेच असेल, असे आम्हीही धरून चाललो आणि त्याची शिक्षा एका लेकीला झाली.

ती आमच्या नात्यातली, सोळा वर्षांची. तिला सिकलसेल आहे. कच्च्या आहाराचे एक पुस्तक आम्हीच तिच्या आईला नेऊन दिले होते. त्यात लिहिले होते की शिजवलेले अन्न मेलेले असते, पाणी उकळले की त्यातला जीव जातो आणि महिनाभर कच्चे खाल्ले तर रक्ताचे आजार मुळापासून जातात. माउलीने विश्वास ठेवला. मोड आलेली मटकी कच्ची, पालेभाजीचा रस साध्या पाण्यात. आठव्या दिवशी पोरीला जुलाब लागले, अंगातले पाणी कमी झाले आणि हातापायांत कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईनवर चार दिवस काढावे लागले. ती बरी होऊन घरी आली, पण तिच्या आईसमोर बसायला आम्हाला बरेच दिवस धीर झाला नाही.

पूर्व विदर्भात आपल्या आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. अंगातले पाणी कमी होणे आणि जंतूसंसर्ग, या दोन्हींनी या आजाराच्या कळा उठतात. म्हणून कोणते पुस्तक घ्यावे हा आपल्याकडे नुसत्या आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही.

कच्चे खाऊच नका, असे आमचे म्हणणे नाही. आपण पिढ्यानपिढ्या कच्चे खात आलो आहोत. भाकरीबरोबर कांदा आणि मुळा, बांधीतून तोडलेली हरभऱ्याची कोवळी भाजी, ओले घाटे, तुरीच्या शेंगा, मेथीचा घोळाणा, भेदरे आणि सांबार घालून केलेली कोशिंबीर, बोरे, आवळे. कच्च्या खाण्याला शास्त्राचा आधारही आहे. क जीवनसत्त्व आचेने बरेच नष्ट होते, पालेभाजीतले फॉलिक ॲसिडही शिजवताना घटते. वरणावर किंवा भाजीवर लिंबू पिळले तर त्यातले लोह अंगी जास्त लागते, उलट जेवणालगत चहा घेतला तर कमी लागते. पण गाजरातले अ जीवनसत्त्व थोड्या तेलात शिजवल्यावर अधिक मिळते. म्हणजे काही गोष्टी कच्च्या बऱ्या, काही शिजवलेल्या बऱ्या. जे पुस्तक हे दोन्ही सांगते त्यावर पहिला विश्वास ठेवावा.

पुस्तक हाती आले की चकचकीत चित्रे बाजूला ठेवा आणि आधी हे शोधा की काय कच्चे खाऊ नये, याचे पान त्यात आहे का? राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. वालही कच्चा खाऊ नये. धोप्याची पाने कच्ची खाल्ली तर घसा खाजतो. दुधी म्हणजे आपली लवकी, तिचा रस पुष्कळ पुस्तकांत असतो, पण लवकी कडू निघाली तर तो रस विष ठरतो. त्याने आपल्या देशात माणसे दगावली आहेत. किसण्याआधी एक फोड जिभेला लावून पाहावी आणि कडू लागली तर फेकून द्यावी. आणि आपली लाखोळी! धानाच्या बांधीत होणारी ही डाळ रोजचे मुख्य अन्न झाली तर पायांतले बळ जाते. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. आपली जुनी माणसे ती गरम पाण्यात भिजवून, पाणी फेकून, मग शिजवत. त्याने तिचा दोष कमी होतो. कोणतीही डाळ मोड आणून कच्ची खा, असे सांगणाऱ्या पुणे-मुंबईच्या पुस्तकाला आपली लाखोळी ठाऊक नसते. ती आपल्याला ठाऊक आहे, म्हणून सावध आपणच राहायचे.

त्यानंतर पाण्याचे पान शोधा. कच्च्या जेवणात आच नसते, त्यामुळे जंतू मारण्याचे काम कोणीच करत नाही. भाजी धुण्याचे पाणी बोअरचे, विहिरीचे की नळाचे, पावसाळ्यात काय करायचे, हे पुस्तकाने सांगितले पाहिजे. पालेभाजीचे एकेक पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे, शेवटचे पाणी उकळून गार केलेले घ्यावे. मिठाच्या पाण्यात बुडवून काढले म्हणजे जंताची अंडी मरतात, असे नाही. मोड दमट उबेत येतात, जंतूही तिथेच वाढतात. म्हणून गरोदर बाई, लहान लेकरू, म्हातारे माणूस आणि सिकलसेलचा रुग्ण यांना मोड वाफवूनच द्यावेत. आपल्या तलावातले शिंगाडे कच्चे खायचे असतील तर धुवून सुरीने सोला, दातांनी नको. सालीला चिकटून पोटात जाणारा एक जंत असतो. उकडलेला शिंगाडा सर्वांत बरा.

मग पुस्तकातला बाजार पाहा. ॲव्होकॅडो, ब्रोकोली, बदामाचे दूध, ऑलिव्हचे तेल हे ज्या पुस्तकात पानोपानी आहे ते आपल्यासाठी लिहिलेले नाही. दहा पाककृती कुठूनही काढा आणि त्यांतल्या किती गोष्टी आपल्या आठवडी बाजारात मिळतील ते मोजा. सात निघाल्या तर पुस्तक कामाचे. मापे वाटी-चमच्यात असावीत आणि मिक्सर नसलेल्या घरातही पदार्थ व्हावा.

आणि आपले ताट कोण हिसकावून घेतो आहे, तेही पाहा. इथे लोखंडाच्या कारखान्यात पाळी करणारा माणूस आहे, धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून राबणारी बाई आहे. १०० ग्रॅम काकडीतून जेमतेम १५ कॅलरी मिळतात, १०० ग्रॅम तांदळातून साडेतीनशेच्या आसपास. काकडीवर पाळी निघत नाही. बी-१२ जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही, ते अंडी, मासळी, मटण आणि दुधातून मिळते. भात, वरण, अंडी, मासळी सोडा म्हणणारे पुस्तक नको. त्याच ताटात मूठभर ताजे वाढवणारे पुस्तक हवे.

लेखक आपली चूक कबूल करतो का, हेही पाहावे. १९२९ मध्ये गांधीजींनी आश्रमातल्या सोबत्यांसह न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला होता. प्रकृती बिघडल्यावर तो सोडला आणि तसे ‘यंग इंडिया’त छापूनही सांगितले. त्यांच्याशी आपले मतभेद जगजाहीर आहेत, पण आजची कित्येक पुस्तके एवढाही प्रामाणिकपणा दाखवत नाहीत. त्यांच्यात फक्त बरे झालेल्यांच्या कहाण्या असतात. कोणताही आजार मुळापासून बरा करतो, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, असे जिथे लिहिले असेल ते पुस्तक तिथेच मिटून ठेवा. साखरेच्या, रक्तदाबाच्या, सिकलसेलच्या गोळ्या फक्त डॉक्टरच्या सांगण्यावरून बदलायच्या असतात. ग्रंथात आहे किंवा मोठा माणूस सांगतो, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः पारखा, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. पाककृतीच्या पुस्तकाला ते लागू पडत नाही असे थोडेच आहे?

या सगळ्या कसोट्यांना उतरेल असे पुस्तक बाजारात लवकर सापडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. म्हणून एक विनंती. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाची नोंद केली. आपल्या भागातल्या ताटाची नोंद आपणच करू या. विहारात एक दोनशे पानी वही ठेवावी. घोळाणा, हरभऱ्याची कोवळी भाजी, आवळ्याची कोशिंबीर, भेदऱ्याची कच्ची चटणी, ज्या बाईला जे येते ते तिने सांगावे आणि शाळेत जाणाऱ्या पोरापोरींनी लिहून घ्यावे. पहिल्या पानावर मात्र काय कच्चे खाऊ नये ते असावे. ते पान आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकाताईंना दाखवून घ्यावे.

त्या लेकीच्या आईने आम्हाला घोळाणा सांगायचे कबूल केले आहे. मेथी उकळून गार केलेल्या पाण्याने धुवायची, हे ती स्वतःच पहिल्या ओळीत लिहिणार आहे.

जय भीम!