सनद विचारणारा श्रोता

16 जानेवारी 1926 रोजी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने ब्रिटिश नभोवाणीवर एडिंबरोहून लंडनमधील कपोलकल्पित दंगलीचे जे वृत्त वाचले, त्यात नाट्यगृहांपुढील रांगा बंद पाडू पाहणाऱ्या चळवळीचे चिटणीस म्हणून पॉपलबरी नामक गृहस्थ जन्मास घातला होता आणि बिग बेनचा मनोरा उखळी तोफांनी जमीनदोस्त केला होता. हा विनोद आहे अशी पूर्वसूचना असूनही अनेक श्रोते भयभीत झाले, आणि हिमवर्षावाने वर्तमानपत्रे वेळेवर न पोहोचल्यामुळे ते भय लांबले.

नभोवाणीवर बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, दस्तऐवज तपासता येत नाही. हुद्दा, संस्थेचे नाव आणि संथ, निःशंक स्वर एवढ्यावरच आपण इतबार ठेवतो, आणि विनोदकाराचा बनावट तज्ज्ञ नेमक्या याच तीन वस्तूंवर उभा असतो. म्हणूनच अशा विनोदास मी अपराध न मानता लोकशिक्षण मानतो. अट एवढीच की, ज्याने मुखवटा चढवला त्यानेच तो त्याच कार्यक्रमात उतरवावा. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये बाळ कुडतरकरांच्या आवाजातले टेकाडे भावजी सर्व विषयांवर मत देत, परंतु ते पात्र आहे हा करार श्रोत्यांस ठाऊक असल्याने त्यात फसवणूक नव्हती.

आम्हां झाशीकर मराठी माणसांस या प्रश्नाचे महत्त्व अधिक आहे, कारण या नगराच्या वेढ्याची जबानी देणारे वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्यापाशी कोणताही हुद्दा नव्हता. कर्ज फेडण्यासाठी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आलेल्या या भिक्षुकाचा शब्द मोलाचा ठरतो तो, 1858 मध्ये आपण कोठे होतो, काय पाहिले आणि कसे लुटले गेलो, हे ते तपशिलाने सांगतात म्हणून. तरीही, चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’मध्ये मूळ लेखनात फेरफार झाले होते, आणि दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली मूळ संहिता छापली तेव्हाच ते उघड झाले. साक्षीदाराचे लेखनही मूळ कागदाशी ताडून पाहावे लागते. मग केवळ ‘ज्येष्ठ तज्ज्ञ’ या बिरुदावर भिस्त ठेवणे कितपत उचित?

किल्ल्यावर राणीसाहेबांनी घोड्यासह उडी घेतल्याची जागा दाखवली जाते, तेव्हा ‘हे कोणी पाहिले, कोणी लिहून ठेवले?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यास दटावू नये; त्या प्रश्नाने राणीसाहेबांच्या पराक्रमास कणभरही उणेपणा येत नाही. नभोवाणीने व दूरचित्रवाणीने प्रत्येक तज्ज्ञाचा अभ्यास व आधार कार्यक्रमाच्या प्रारंभीच सांगावा, आणि शाळांनी असे विनोदी कार्यक्रम मुलांस ऐकवून त्यांतील खोटेपणा त्यांच्याचकडून शोधून घ्यावा. कारण थट्टेतल्या तज्ज्ञाकडे सनद मागण्याची ज्यास सवय लागली, तो स्वार्थासाठी खोटे बोलणाऱ्या तज्ज्ञाकडेही ती मागितल्यावाचून राहणार नाही.