एकट्यापुरता कुकर

‘एकट्यापुरतं कशाला करायचं?’ असं विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याचा निकाल आधीच लागलेला असतो. चहा-खारीवर रात्र भागवणाऱ्या आजी हेच म्हणतात, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा हेच म्हणतो आणि नवरा दौऱ्यावर गेला की चाळिशीतली नोकरदार बाईही हेच म्हणते. तिघांच्या परिस्थितीत काडीचं साम्य नाही, वाक्य मात्र एकच. या वाक्याच्या बाजूने जे हिशोब पुढे केले जातात ते कच्चे आहेत आणि खरं कारण हिशोबाच्या वहीत सापडतच नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी पैशांचं बघू. ‘एका माणसासाठी गॅस जाळण्यापेक्षा डबा लावलेला स्वस्त.’ डब्याला आणि खाणावळीला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना खाणावळवाल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जेवू घातलं. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते या बायकांसाठीच. पण त्या कामगाराला एका खोलीत दहा जणांबरोबर पाळीपाळीने पाठ टेकायची होती, चूल मांडायला जागाच नव्हती. ज्याच्याकडे आज ओटा, शेगडी आणि फ्रिज आहे त्याने ती अडचण उसनी घेऊ नये. शिवाय स्वस्त म्हणजे काय स्वस्त? डब्यात चार पोळ्या, मूद दाबून भरलेला भात, बटाट्याने भरपाई केलेली भाजी आणि आमटी असते. त्या आमटीत डाळ शोधावी लागते. डबेवाल्या ताईंचा यात दोष नाही. बांधलेल्या पैशांत डाळ आणि पालेभाजीच परवडत नाही, म्हणून कात्री तिथेच लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली सुधारलेल्या मार्गदर्शिकेत 2000 किलोकॅलरीच्या दिवसभराच्या ताटात धान्य 250 ग्रॅम सांगितलंय आणि भाज्या तब्बल 400 ग्रॅम. डाळी, किंवा त्यांच्या जागी अंडी-मांस, 85 ग्रॅम. म्हणजे डब्यातलं ताट बरोबर उलटं करून मांडलेलं. 85 ग्रॅम डाळ म्हणजे वाटीच्या मापाने अर्ध्या वाटीच्या आसपास. एवढी डाळ घरात शिजवणं परवडत नाही म्हणणाऱ्याने टपरीवरच्या चहाचा दिवसाचा हिशोब एकदा मांडावा.

नासाडीचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. बाजार एकट्या माणसासाठी भरतच नाही. पालकाची जुडी चौघांची, फ्लॉवरचा गड्डा सहा जणांचा, आणि ‘पाव किलोच्या खाली देत नाही’ हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच. शनिवारी उत्साहाने आणलेली मेथी बुधवारी पिशवीत काळी पडते आणि मग माणूस शपथ घेतो की आता बस. पण हा दोष खरेदीचा आहे. एकट्या माणसाने कुटुंबाच्या यादीने बाजार केला की हे होणारच. कोबी न धुता ठेवला तर फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज काढतो, आणि वरची पानं काढत काढत लागेल तेवढाच चिरता येतो. गाजर, बीट, लाल भोपळ्याची फोड, सुरण ही मंडळीही दमाची. फ्लॉवरचा नाद एकट्याने सोडावा. पालेभाजी आठवड्याला एकच घ्यावी. त्याच संध्याकाळी निवडून, न धुता कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी. पहिल्या दिवशी ताकातला पालक, दुसऱ्या दिवशी मूगडाळीत, उरलेला देठांसकट बारीक चिरून थालीपिठात. दुधीची साल, दोडक्याच्या शिरा यांच्या चटण्या आपल्या आज्या करत आल्या, त्यातली काटकसर एकट्याच्या घरात जास्त कामाला येते.

आणि ज्याला बाजारच नको त्याने मटकी भिजत घालावी. रात्री एक वाटी भिजवली, सकाळी उपसून फडक्यात बांधली, की उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत मोड तरारून येतात. थंडीत एखादा दिवस जास्त. मोड आल्यावर त्यातलं फायटेट कमी होतं आणि लोह अंगी लागायला मदत होते. वरून लिंबू पिळलं तर आणखी. जेवणाबरोबरच चहा घेणाऱ्यांना एवढंच सांगतो की त्याने नेमकं उलटं होतं. वाटीभर मटकी फुगून दुप्पट-अडीचपट होते. एका दिवशी उसळ, एका दिवशी काकडीबरोबर कोशिंबीर, मूठभर खिचडीत. यात नासायला उरतंच काय?

वेळेची तक्रार करणारे बहुधा पाच लिटरच्या कुकरकडे बघून दमलेले असतात. एका माणसाला दीड-दोन लिटरचा कुकर पुरतो आणि त्यात दोन छोटे डबे एकावर एक बसतात. खाली पाणी, खालच्या डब्यात हिंग-हळद घातलेली मूगडाळ, वरच्यात तांदूळ, त्यावर तिरकी टेकवलेली भोपळ्याची फोड. शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत आंघोळ उरकते. मग पळीभर तेलात मोहरी, लसूण, कढीपत्ता. फोडणी डाळीवर, मीठ-मिरची भोपळ्यावर. डाळ-भात ही गरिबाची तडजोड असते असं मानणाऱ्यांसाठी सांगतो: धान्यात लायसिन कमी पडतं, डाळीत मेथिओनिन, दोन्ही एका घासात आली की एकाची तूट दुसरं भरून काढतं. तांदूळ तीन भाग, डाळ एक भाग हे प्रमाण त्यासाठी ठीक. भात उरला तर तो तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवा. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात ते वाढतात. फोडणीचा भात जरूर खावा, पण फ्रिजमधल्या भाताचा.

त्याहून झटपट हवं असेल तर आपल्याकडची पिठं आहेत. भाजणी, मेतकूट, डांगर, कुळथाचं पीठ हे सगळं एकट्या माणसासाठीच कुणीतरी शोधून ठेवल्यासारखं आहे. कोकणात मुलं मुंबईला गेल्यावर घर सांभाळत राहिलेली म्हातारी माणसं वर्षानुवर्षं कुळथाच्या पिठीवर जेवली. तेलात ठेचलेला लसूण लाल करायचा, मिरची टाकायची, दीड भांडं पाणी ओतायचं, त्यात मीठ आणि दोन आमसुलं. थोड्या गार पाण्यात कालवलेलं तीन चमचे पीठ एका हाताने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं, नाहीतर गाठी धरतात. पाच-सात मिनिटं रटरटली की पिठी तयार. हे पाकीट फोडून नूडल्स करण्याइतक्याच वेळाचं काम आहे, आणि मीठ किती घातलं हे आपल्याला ठाऊक असतं. दिवसाचं मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं-पापडही आले.

‘कितीही केलं तरी एकट्याला घास उतरत नाही,’ या आक्षेपापुढे मी जरा थांबतो. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात भूक मरते हे खरं आहे, आणि अशा माणसाला भोपळ्याचे गुण ऐकवणं हा उर्मटपणा होईल. अशा वेळी शेजारणीने बोलवावं, लेकीने जवळ बसून खाऊ घालावं. पण हे दुःखाचं कारण दुःखाबाहेरही सर्रास वापरलं जातं, तिथे माझी हरकत आहे. चांगला धडधाकट माणूस रात्री अकराला फोनवरून बिर्याणी मागवतो, तीही एकटाच खातो आणि तेव्हा घास बरोबर उतरतो.

मग खरं कारण काय? एकटा राहणारा पुरुष दिसला की आपण हळहळतो, ‘हाल होतात हो जेवणाचे, लग्नाचं बघा आता.’ एकटी राहणारी बाई दिसली की म्हणतो, ‘बरंय बाई, सुटलीस स्वयंपाकातून.’ दोन्ही वाक्यांखाली समजूत एकच आहे. स्वयंपाक बाईने करायचा आणि दुसऱ्या कुणासाठी तरी करायचा. म्हणून पुरुषाला तो येत नाही यात कुणाला लाज वाटत नाही. आणि जिने चाळीस वर्षं प्रत्येकाच्या आवडीनिवडी सांभाळल्या, ती स्वतःपुरती वेळ आली की कालच्या पोळीचा चुरा करून चहाबरोबर संपवते. ‘माझ्या एकटीचं काय, काहीही चालतं’ हे ती अभिमानाने सांगते, आणि आपण त्याला त्याग म्हणतो. डॉक्टर त्याला हिमोग्लोबिन कमी म्हणतात.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला नकोत. रविवारी चार तास राबून एकसारखे सात डबे भरणाऱ्यांच्या चिकाटीला नमस्कार, पण गुरुवारचा तो डबा त्यांनाही उघडवत नाही. किनवा आणि ब्रोकोलीशिवाय समतोल साधत नाही असं मानणाऱ्यांना ज्वारीची भाकरी, उसळ, कोशिंबीर आणि ताक यांत काय कमी आहे ते सांगता येत नाही. स्वतःवर प्रेम करा म्हणून स्वयंपाक करा, हा उपदेशही नको. दात घासायला प्रेम लागत नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने 1970 साली वाटी-चमच्याचं माप घरोघरी रुजवलं. वाटी अर्धी करता येते. सहावीतल्या गणिताइतकं सोपं काम आहे ते, फक्त मिठाचा आणि फोडणीचा हात सावकाश बसतो, कारण ती दोन्ही सरळ भागाकाराने कमी होत नाहीत. दहा वर्षांच्या मुलाला, मुलगा असो वा मुलगी, हा एका माणसाचा कुकर लावायला शिकवला तर पुढच्या पिढीत ते हळहळणारं वाक्य बोलायला कुणी उरणार नाही.

पुरणपोळी मात्र एकट्यापुरती करू नये, एवढं मी प्रतिपक्षाला देऊन टाकतो. पुरण शिजवा, वाटा, कणीक तिंबा आणि शेवटी दोन पोळ्या, हा खटाटोप व्यर्थ आहे. ती होळीला शेजारून येते. आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो ही आपली रीत आहेच, त्यासाठी एक वाटी मटकी जास्तीची भिजत घालावी.